पद रिक्त नव्हते

उपकेंद्राच्या सभागृहात शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर आजवरच्या संचालकांचे फोटो ओळीनं लावलेले दिसतात. चौकटी सगळ्या सारख्या. प्रत्येक फोटोखाली पितळी पट्टी, तिच्यावर नाव आणि कार्यकाळ. या ओळीत दुसरा फोटो माझा आहे. तो दुसरा नसून तिसरा असायला हवा, हे सांगण्यासाठी मी हे लिहितो आहे.

गेल्या वर्षी सध्याच्या संचालकबाईंचा फोन आला. विद्यापीठाच्या आमच्या उपकेंद्राची नवी स्मरणिका निघणार होती. तिच्यासाठी नेतृत्वाचा इतिहास मी लिहावा, असं त्यांचं म्हणणं. "सर, सुरुवातीपासून पाहिलेले आता तुम्हीच उरलात," त्या म्हणाल्या. बाईंना माहीत नव्हतं, की हा इतिहास मी एकदा लिहून बसलो आहे. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचा संपादक मीच होतो. तिच्यात पहिल्या संचालकांबद्दल दोन पानं आहेत, माझ्याबद्दल तीन, आणि या दोन्हींच्या मध्ये एवढाच मजकूर आहे: "पहिल्या संचालकांच्या बदलीनंतर काही काळ पद रिक्त होते. या काळात उपकेंद्राचे कामकाज मुख्यालयातून पाहिले गेले."

यातलं पहिलं वाक्य नियमाला धरून होतं. दुसरं धडधडीत खोटं होतं. ते लिहिताना माझा हात अडखळला नाही, हे मला अजून आठवतं.

त्या काळात उपकेंद्र चालवणारे सर माझ्याहून वयानं आणि नोकरीनं मोठे होते. रसायनशास्त्र शिकवायचे. उमरग्याकडचे, घरी बायकोशी कानडीत बोलायचे आणि आमच्याशी बोलताना एखादा शब्द अडला तरी तोच कानडी शब्द वापरून पुढं जायचे. मी ढोकीच्या बाजूचा. साखर कारखान्याच्या भोंग्यावर शाळेला निघणारा, उसाच्या ट्रॅक्टरमागं लोंबकळत आलेला. दोघंही बाहेरून आलेले, म्हणून धाराशिवात आमचं लवकर जमलं. त्यांच्या घरी मी किती वेळा जेवलो, त्याला हिशेब नाही. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणायचो, त्या मला भाऊजी.

पहिले संचालक एकाएकी मुख्यालयात परत गेले. ते परत येणार की नवा माणूस येणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. सेवाज्येष्ठतेनं सरांकडं प्रभार आला. आदेश हातात घेऊन ते माझ्याकडंच आले.

"आता बसायचं कुठं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना म्हटलं, "सर, एक सांगू? पक्का आदेश येईस्तोवर साहेबांच्या खुर्चीत बसू नका. लोक बोलतात."

हे मी मनापासून सांगितलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका गावच्या कॉलेजात, मी एक प्रसंग पाहिला होता. प्रभारी प्राचार्य खुर्चीत बसले होते आणि नवे प्राचार्य कुणालाही न कळवता रुजू व्हायला आले. दारात उभं राहून ते नुसते बघत राहिले. प्रभारी उठले, त्यांचा चष्मा टेबलावरच राहिला, आणि तो घ्यायला ते पुन्हा आत येईनात. स्टाफरूममध्ये वर्षभर त्याची नक्कल चालली. सरांची तशी नक्कल होऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं.

सरांनी माझं ऐकलं. वर्गातली एक लाकडी खुर्ची आणून त्यांनी ती संचालकांच्या टेबलाच्या कडेला ठेवली. तिथं तिरकं बसून ते सह्या करायचे. समोरच्या मोठ्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल असायचा. शिपाई दर आठवड्याला तो धुवायचा, उन्हात वाळवायचा आणि घडी मोडून पुन्हा त्या रिकाम्या खुर्चीवर घालायचा. येणारे लोक आधी खुर्चीला नमस्कार करायचे, मग कडेला बसलेल्या माणसाकडं वळायचे. कँटीनवाल्यानं अर्ध्या कप चहाला 'प्रभारी' असं नाव ठेवलं. "दोन फुल, एक प्रभारी!" अशी ऑर्डर जायची. सर तिथं उभे असले तरी जायची. तेसुद्धा हसायचे. आम्ही सगळेच हसायचो.

पण काम त्यांनी कधी अर्धं केलं नाही. त्या वर्षी पाऊस झाला नाही. उपकेंद्राची विहीर आटली. मुख्यालयातून निरोप आला, की हे सत्र इथं बंद ठेवावं आणि विद्यार्थ्यांची सोय मुख्यालयात करावी. कागदावर ती सोय होती. पण इतक्या लांब आपल्या मुली पाठवणारे बाप आमच्याकडं नव्हते. सर जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन बसू लागले. टँकर मिळेपर्यंत रोज जात राहिले. टँकर आला की पाइप धरायला स्वतः उभे राहायचे, पँट घोट्याच्या वर दुमडून. सत्र बंद झालं नाही.

मग मुली आणायला ते गावोगाव हिंडले. तामलवाडीला मी त्यांच्याबरोबर होतो. एका घरी मुलीचे मार्क चांगले होते आणि बाप ऐकत नव्हता. तो ओट्यावर बसून तंबाखू मळत होता.

"मास्तर, समदं खरं," तो म्हणाला. "पर संध्याकाळची यष्टी चुकली तर पोरगी स्टँडवर बसंल. तुमी बसता का तिच्यासंगं?"

"बसतो की," सर म्हणाले.

"रोज?"

"वसतिगृह होईस्तोवर रोज."

बापानं माझ्याकडं पाहिलं. "ह्ये खरं बोलतेत का?" मी हो म्हटलं, आणि परतीच्या गाडीत सरांना वेड्यात काढलं. पण ते खरोखर बसले. कॉलेज सुटलं की पिशवीत उत्तरपत्रिका घालून ते स्टँडवर जायचे आणि शेवटची मुलगी गाडीत चढेपर्यंत बाकावर पेपर तपासायचे. कंडक्टर त्यांना ओळखू लागले. "सर, भरली का तुमची कंपनी? सोडू का गाडी?" असं विचारून घंटी मारायचे. मुलींच्या वसतिगृहाचा प्रस्ताव त्या बाकावर लिहिला गेला. मंजुरीही त्यांच्याच काळात आली. आज वसतिगृहाच्या दारात कोनशिला आहे. तिच्यावर नाव माझं आहे.

ते कसं झालं, ते सांगतो.

पूर्णवेळ संचालकाच्या पदाची जाहिरात आली. आम्ही दोघांनीही अर्ज केला. सरांना ते खटकलं नाही. "घरात कुणालातरी मिळू दे," असं ते म्हणाले होते. मुलाखत मुख्यालयात होती. तिच्या आदल्या आठवड्यात निवड समितीतले एक सदस्य दौऱ्यावर धाराशिवला आले. ते आमच्या भागातले, म्हणून मी विश्रामगृहावर भेटायला गेलो. जाऊ नये, हे मला कळत होतं. चहा झाला, ऊस-पाण्याच्या गप्पा झाल्या, आणि त्यांनी सहज विचारलं, "काय हो, तुमचे प्रभारी कसे आहेत?"

मी म्हणालो, "माणूस देव आहे, साहेब. पण खुर्चीत बसायचं धाडस नाही. दोन वर्षं झाली, कडेच्या खुर्चीत बसतात."

ते मोठ्यानं हसले. मीही हसलो. त्यांना इतकं हसू आलं, की आणखी एक किस्सा सांगायचा मोह मला झाला. मी त्यांना अर्ध्या चहाचं सांगितलं.

मुलाखतीच्या दिवशी सर माझ्याआधी आत गेले. बाहेरच्या बाकावर मी बसलो होतो. दार बंद असूनही आतलं हसणं ऐकू आलं. सर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"रसायनशास्त्राचं एक विचारलं नाही," ते म्हणाले. "टँकरचं नाही, वसतिगृहाचं नाही. म्हणाले, तुम्ही संचालकांच्या खुर्चीत बसता का? मी म्हटलं, नाही साहेब. मग हसत सुटले." ते माझ्याशेजारी बसले. "त्यांना हे कळलं कसं?"

त्या क्षणी मी काहीही बोललो असतो तरी चाललं असतं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "शिपाई बोलला असेल कुणाजवळ. त्याचं तोंड कुठं बंद असतं."

निवड माझी झाली. मी खुर्चीत बसलो त्या सकाळी पहिला हार सरांनीच घातला. गादी नव्यासारखी घट्ट होती, बसल्यावर खाली दबेना. शिपायानं टॉवेल बदलला. सरांनी आपली लाकडी खुर्ची स्वतः उचलली आणि वर्गात नेऊन ठेवली. शिपाई मदतीला धावला, तर "राहू दे" म्हणाले. त्यानंतर ते त्या शिपायाशी पूर्वीसारखे कधी बोलले नाहीत. शिपायाला कारण कळलं नाही. तो मला विचारायचा, "सर, मोठे सर माझ्यावर का रुसलेत?" मी म्हणायचो, वय झालंय त्यांचं.

वसतिगृहाची कोनशिला माझ्या कार्यकाळात बसली. पुढं सर निवृत्त होऊन उमरग्याला गेले. काही वर्षांनी मीही निवृत्त झालो. रौप्यमहोत्सव आला तेव्हा माजी संचालक म्हणून स्मरणिका, निमंत्रणपत्रिका आणि सभागृहातली फोटोंची ओळ, सगळं माझ्याकडं दिलं गेलं. प्रभारींचे फोटो लावायचे की नाहीत, असं कार्यालयानं विचारलं. नियम कुठंच लिहिलेला नव्हता. मी म्हणेन तो नियम होता. "पूर्णवेळ संचालकांचेच लावा," मी म्हणालो. ओळीत ते आले असते, तर त्यांच्या पट्टीवरचा काळ वाचून कुणीतरी विचारलं असतं, की दुष्काळात टँकर कुणी आणले, वसतिगृह कुणी मंजूर करून घेतलं. मला तो प्रश्न भिंतीवर नको होता.

समारंभाला सर आले. ऊन कडक होतं आणि त्यांनी कोट घातला होता. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चपटं होतं, सुतळीनं बांधलेलं.

"एवढ्या उन्हात कोट, सर?" मी म्हणालो. "आणि हे काय? आहेर आणलाय का आम्हाला?"

"काही नाही, घरचं सामान," ते म्हणाले.

फोटोंच्या ओळीसमोर ते बराच वेळ उभे राहिले. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं गेले, पुन्हा पहिल्या टोकाकडं आले. मग शेवटच्या रांगेत जाऊन बसले, सामान मांडीवर घेऊन. माजी संचालकांना शाल-श्रीफळ दिलं गेलं तेव्हा मी व्यासपीठावरून त्यांच्याकडं पाहिलं नाही. जेवणाआधीच ते निघाले. कँटीनवाला फाटकापाशी ओरडला, "प्रभारी, जेवून जावा की!" ते म्हणाले, उमरग्याची गाडी चुकेल. ती त्यांची माझी शेवटची भेट. दोन वर्षांपूर्वी ते गेले. अंत्ययात्रेला मी पोचू शकलो नाही. खरं सांगायचं तर गेलो नाही.

संचालकबाईंचा फोन आल्यावर मी त्यांना म्हटलं, की एक फोटो राहिला आहे. त्या लगेच कबूल झाल्या. "आणा की सर, लावू. ज्यांनी काम केलं त्यांचा फोटो हवाच." इतकं सोपं होतं ते. फोटो मागायला मी उमरग्याला गेलो.

हायवेवरच्या ट्रकांचा आवाज घरात येत होता. वहिनी सुपात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. "या भाऊजी. लई दिवसांनी वाट सापडली," त्या म्हणाल्या. भिंतीवर सरांचा फोटो होता, चंदनाच्या हारातला. चेहऱ्याआधी मी चौकट ओळखली. आमच्या सभागृहातली चौकट होती ती. तोच रंग, तीच रुंदी. फोटोत सरांनी कोट घातला होता.

मी कशासाठी आलो ते सांगितलं. मग, इतकी वर्षं स्वतःला ऐकवत आलो ते वाक्यही बोललो. "सर मोठ्या मनाचे होते, वहिनी. त्यांना असल्या मानाची हाव नव्हती."

"कुणी सांगितलं तुमाला?" त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "लई हाव होती. मुलाखतीच्या आधी सोलापुरास्नं कापड आणून कोट शिवला. म्हणले, ऑर्डर आली की ह्यो घालून खुर्चीत बसतो अन् फोटो काढतो. ऑर्डर तुमची आली. कोट पेटीत गेला. मग तुमच्या कार्यक्रमाची पत्रिका आली. तिच्यात छापलं होतं, धुरा सांभाळणाऱ्या सर्वांचे फोटो लावणार म्हणून. 'सर्वांचे' म्हणजे आपला बी आला, म्हणले. कोट काढला, स्टुडिओत गेले. धाराशिवला जाऊन तुमच्या चौकटीवाल्याला गाठलं अन् तसलीच चौकट करून घेतली. मी म्हणाले, ते मागतील तवा द्या. तर म्हणले, ऐन वेळी त्यांची धावपळ नको, आपणच घेऊन जावं."

पत्रिकेतलं ते वाक्य माझं होतं. कानाला बरं वाटलं म्हणून लिहिलेलं.

"संध्याकाळी तसंच घेऊन परत आले," वहिनी म्हणाल्या. "सुतळी बी सोडली न्हवती. कपाटामागं उभा करून ठेवला. गेल्यावर हार घालायला दुसरा फोटोच न्हवता घरात."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. विश्रामगृह, चहा, मी केलेली थट्टा. मधे त्यांचा हात थांबला.

"खुर्चीत बसू नका, असं तुमीच सांगितलं होतं न्हवं?"

"हो."

"मला आठवतंय. घरी येऊन म्हणले, आपला माणूस आहे म्हणून सावध केलं. अन् नाव शिपायावर घातलंत?"

"हो."

"तो दर दिवाळीला फराळ घेऊन यायचा हितवर. धाराशिवास्नं. एका वर्षी ह्यांनी दारच उघडलं न्हाय. मी आतनं बघत होते. डबा पायरीवर ठेवून गेला बिचारा."

हे मला माहीत नव्हतं. तो शिपाईही आता नाही.

मी माफी मागणार होतो. माझं तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "माझ्याकडं काय मागू नका, भाऊजी. माझ्याजवळचं न्हाय ते." मग भिंतीकडं पाहून म्हणाल्या, "ह्यो फोटो एकदा गेला अन् परत आला. आता तसाच धाडणार न्हाय. आधी छापा. खुर्चीचं, शिपायाचं, मला सांगितलं ते समदं. मला आणून दाखवा. मग बघते."

घरी येऊन मी लेख लिहिला आणि संचालकबाईंना दिला. त्यांनी वाचला. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "सर, हे फार वैयक्तिक आहे हो. निवड समितीचा उल्लेख आहे, विद्यापीठाच्या स्मरणिकेत कसं घालणार? आपण त्यांचा कार्यकाळ नोंदवू, फोटो लावू. बाकीचं कशाला उकरायचं या वयात?" त्यांची अडचण मला समजली. मी त्यांच्या जागी असतो तर अगदी हेच बोललो असतो. स्मरणिका निघाली. तिच्यात एक ओळ आली: "मधल्या काळात प्रभारी संचालकांनी समर्थपणे धुरा सांभाळली." सोबत सरांचं नाव होतं. कोनशिलेबद्दल काही नव्हतं. माझी तीन पानं तशीच होती.

स्मरणिका घेऊन मी पुन्हा उमरग्याला गेलो. वहिनींनी चष्मा लावला, ती ओळ वाचली, पान उलटून पाहिलं.

"एवढंच व्हय?" त्या म्हणाल्या.

त्यांनी मला चहा दिला. कप पूर्ण भरलेला होता. फोटोकडं आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.

म्हणून हे इथं, माझ्या स्वतःच्या पुस्तकात लिहितो आहे, कुणी काटछाट करणार नाही अशा जागी. नावं मी मुद्दाम दिलेली नाहीत. माझं नाव भिंतीवर आणि कोनशिलेवर वाचता येईल, आणि आमच्याकडच्या कुणालाही हे कुणाबद्दल आहे ते कळेल. सरांचं नाव पितळी पट्टीवर लागेल तेव्हाच लागू दे. माझ्या हातून ते लिहिलं जाऊ नये, असं मला वाटतं.

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतली माझी ती दोन वाक्यं ज्यांच्याकडं असतील, त्यांनी ती खोडावीत. पद रिक्त नव्हतं. उपकेंद्र मुख्यालयातून चाललं नव्हतं. दुष्काळात ते बंद पडू दिलं नाही ते सरांनी, मुली आणल्या त्यांनी, वसतिगृह मंजूर करून घेतलं त्यांनी. खुर्ची रिकामी राहिली ती माझ्या सांगण्यावरून, आणि ती रिकामी होती असं मी त्यांच्याविरुद्ध सांगितलं. शिपाई कुणाजवळही काही बोलला नव्हता.

परवा मी सभागृहात जाऊन आलो. माझा फोटो आणि त्यापुढचे सगळे एकेक जागा सरकवले आहेत. पहिल्या फोटोनंतर एक खिळा ठोकून ठेवला आहे. रिकामा खिळा बरा दिसत नाही म्हणून कुणीतरी त्याला विद्यापीठाची दिनदर्शिका अडकवली आहे. पुस्तक छापून आलं, की पहिली प्रत घेऊन मी उमरग्याला जाणार आहे. वहिनींचे डोळे आता अधू झालेत; वाचून दाखवावं लागेल. त्या पूर्ण ऐकतील की मधेच उठून आत जातील, मला सांगता येत नाही. दिनदर्शिका मी काढली नाही.